जुन्या सागाचे मोल

गिरगावात, परळला किंवा लालबागला एखादी जुनी चाळ पाडावयास घेतली की तिच्या तुळया, खांब, जिन्याचे कठडे आणि चौकटी वेगळ्या काढून विकल्या जातात. ते सागवान मग नव्या हातांत जाते. कुणी त्याचे मेज करतो, कुणी घरच्या आल्तारासाठी क्रूस घडवतो, तर कुणी शिंगाच्या डबीसाठी एक लहानसे बूच.

बूच लहान खरे. परंतु लाकडाची परीक्षा तेथेच होते. ओलसर लाकडाचे बूच पुढे सुकून आक्रसते आणि डबीच्या तोंडात सैल पडते. अनेक दशके छपराखाली वाळलेला साग मात्र फारसा हलत नाही. आत खिळा रुतलेला नाही, वाळवी शिरलेली नाही, चीर गेलेली नाही, एवढे पाहिले की कारागीर निश्चिंत होतो. शिवाय त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही. तेव्हा जुने लाकूड निवडणे शहाणपणाचे, यात शंका नाही. पण तेवढ्याने आपले हात आपोआप स्वच्छ होतात काय?

मुंबईच्या बाजारात मलबारचा साग येई, तसा ब्रह्मदेशाचाही. १८६३ साली स्थापन झालेली 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी तेथील जंगलांतून साग काढीत असे. ठरल्याहून अधिक लाकूड नेल्याचा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला जबर दंड केला. इंग्रजांनी तेच निमित्त केले. युद्ध झाले, राज्य गेले, आणि थिबाने उरलेले आयुष्य रत्नागिरीत बंदिवासात काढून १९१६ साली तेथेच देह ठेवला. 'बर्मा टीक' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्या लाकडाच्या व्यापाराला असा इतिहास आहे.

दुसरा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात गिरणगावाचे रूपच पालटले. ज्या तुळईला कुणाच्या बाळाचा पाळणा टांगलेला होता, तिचा भाव आता कंत्राटदार आणि व्यापारी ठरवतात. तिच्याखाली संसार केलेल्यांना त्या सौद्यात स्थान नसते.

आमच्या मते लाकूड निर्दोष आहे. दोष असेल तर तो माणसांच्या व्यवहाराचा. ते टाकून दिल्याने ना राजाला राज्य परत मिळणार, ना भाडेकरूला खोली. उलट चांगली वस्तू वाया घालवणे हा आणखी एक अन्याय ठरेल. म्हणून ते जरूर वापरावे. परंतु ते कोठून आले, हे विकणाऱ्याला विचारावे आणि उत्तर मिळाले तर मुलाबाळांना सांगावे. राहत्या माणसांना फसवून उठवलेल्या घराचे ते आहे असे कळले, तर स्वस्त मिळत असूनही नाकारावे. वस्तू वाचवली आणि माणसे विसरलो, तर ती नुसती काटकसर झाली. तिला सदाचार म्हणता येणार नाही.

जुन्या सागावर खिळ्यांची भोके असतात. ती बुजवण्यापूर्वी, तेथे काय टांगलेले असेल याचा क्षणभर विचार व्हावा.