मिटलेल्या ओठांपुढे
ज्वराने म्लान झालेले दोन वर्षांचे मूल औषधाचा चमचा पाहताच ओठ घट्ट मिटून घेते, तेव्हा हातपाय आवळून, नाक दाबून मात्रा घशात लोटण्याची जबरदस्ती आपल्या घराघरांतून पूर्वापार चालत आली आहे. रडते मूल श्वासासाठी तोंड उघडते हे खरे. परंतु त्याच श्वासाबरोबर औषध श्वासनलिकेत उतरण्याचे भय असते, आणि ते मला त्या क्षणिक विजयाहून फार मोठे वाटते. त्यापेक्षा त्याला मांडीवर ताठ बसवून, डॉक्टरांनी सांगितलेले माप बिनसुईच्या पिचकारीत घेऊन, गालाच्या आतल्या बाजूस थोडे थोडे सोडावे. पेलाभर दुधात मिसळू नये. दूध उरले की मात्राही उरते. आईच्या मांडीवर की आजीच्या, एवढी मुभा मात्र त्या चिमुकल्या रुग्णास अवश्य असावी.