कुलूप आणि वचन

सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीला मिळते. संगमाखाली घागर भरून त्यातील प्राणहितेचे पाणी कोणते आणि गोदावरीचे कोणते, हे कोणी सांगावे? मिसळणे सोपे, वेगळे करणे दुष्कर. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी आपले गणिती कुलूप याच न्यायाने घडविले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो. गुणाकारावरून त्या संख्या शोधणे मात्र साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आपली पुष्कळ गुपिते अशाच कुलुपांआड आहेत.

क्वांटम संगणक हे कुलूप उघडू शकेल, असे १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले. साधा बिट शून्य असतो किंवा एक. क्युबिट मोजमाप होईपर्यंत दोहोंच्या मिश्र अवस्थेत राहतो. मोजताच मात्र एकच उत्तर हाती येते. म्हणून चुकीच्या उत्तरांच्या लहरी परस्परांना पुसून टाकतील व बरोबर उत्तराच्या बळावतील, अशी मांडणी करावी लागते. ही अवस्था अतिशय नाजूक असते. २००१ साली सात क्युबिटांनी १५ ची फोड ३ व ५ अशी केली. २०२४ मध्ये मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी सहा क्युबिटांच्या यंत्राची चाचणी पूर्ण केली. मोठी कुलुपे अद्याप शाबूत आहेत.

परंतु आज न उघडणारे पत्र उचलून ठेवावे आणि उद्या किल्ली सापडली की वाचावे, हे शक्य आहे. या भयापोटीच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलुपांचे तीन नमुने जाहीर केले. मग चोरी केव्हा घडते, उचलताना की वाचताना? आमच्या मते उचलतानाच. किल्ली नसल्याने चोराची असमर्थता सिद्ध होते, निर्मळता नव्हे.

हा निकष राखणदारालाही लागू आहे. आजार, कर्ज, घरातील कलह यांची नोंद वीस वर्षांनी उघडी पडली, तरी माणूस दुखावतोच. म्हणून बँक असो, दवाखाना असो वा धर्मग्रामाचे कार्यालय असो, त्याने गरजेपेक्षा अधिक विचारू नये, काम सरल्यावर जपून ठेवू नये आणि जुने झालेले कुलूप वेळीच बदलावे.

पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोठेही लिहून ठेवीत नाही. तेथे कुलूप नाही, किल्लीही नाही. केवळ वचन आहे. गणिताचे कुलूप दुसऱ्याच्या असमर्थतेवर उभे असते, वचन आपल्या निष्ठेवर. पहिले केव्हा मोडेल ते यंत्रे ठरवतील. दुसरे राखणे आपल्याच हाती आहे.