स्वस्त भयपटांची नीती

चित्रपटांच्या दुनियेत एक जात अशी आहे की, तिचे नाव निघताच सुसंस्कृत माणूस किंचित नाक मुरडतो. हातात सुरी, कुऱ्हाड किंवा करवत घेतलेला एखादा खुनी. गावाच्या टोकाचे घर किंवा तळ्याकाठची छावणी. सुटीच्या मनःस्थितीतली पाचसहा तरुण मुलेमुली. आणि रात्र सरेपर्यंत त्यांतले एकेक कमी होत जाणे. शेवटी बहुधा एक मुलगी उरते. इंग्रजीत या चित्रपटांना ‘स्लॅशर’ म्हणतात. १९७४ नंतरच्या पंधरा वर्षांत अमेरिकेत त्यांची रांग लागली होती. त्यांना भांडवल थोडे लागे, नामांकित नट लागत नसत, आणि एखाद्याचा जम बसला तर एका रुपयाचे शंभर रुपये होत.

या चित्रपटांविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले मत असे की, ही विकृती आहे आणि ती बंद झाली पाहिजे. दुसरे असे की, ही जत्रेतल्या उंच पाळण्यासारखी घटकाभर पोटात गोळा आणणारी करमणूक आहे. तीत नीतीचा प्रश्न काढणे म्हणजे पाळण्यावर बसून वेदान्त सांगणे होय. ही दोन्ही मते एका बाबतीत सारखी आहेत: ती बाळगणाऱ्याला चित्रपट पाहावयाची गरज उरत नाही. पण प्रश्न खरा आहे. दुसऱ्याच्या मरणाचे दृश्य पाहून आपण भीतीचे सुख घेतो. यात गैर काही असेल तर ते नेमके कोठे आहे? रक्तात आहे, विषयात आहे, की आणखी कशात?

विषयात नाही, हे आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. भरताने आठ रसांत भयानकाला जागा दिली आणि बीभत्सालाही दिली. पण दोघांचे स्थायीभाव त्याने वेगळे सांगितले. एकाचा भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. शिवाय युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असाही दंडक त्याने घातला. ग्रीक नाटकातही खून बहुधा पडद्याआड होतो आणि त्याची वार्ता दूत येऊन सांगतो. ॲरिस्टॉटल तर याहून पुढे गेला आहे. भय आणि करुणा कथानकाच्या रचनेतून निर्माण व्हावीत. ती केवळ देखाव्यातून निर्माण करणे कमी कलेचे काम आहे आणि त्याला खर्चही फार येतो, असे तो सांगतो. जे देखाव्यातून भय नव्हे, तर नुसते विचित्र काहीतरी उभे करतात, त्यांचा शोकान्तिकेशी संबंधच नाही, असेही तो म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या पंडिताने नाटकाच्या अंदाजपत्रकाचा विचार केला होता, ही गोष्ट गमतीची खरी; पण आपल्या विषयाचे मर्मही तिच्यातच आहे. खर्चाला पैसा नसलेल्या माणसाला देखावा परवडत नाही. त्याला रचनेकडे वळावेच लागते.

या वळणाचा पहिला मोठा दाखला ‘सायको’चा. आल्फ्रेड हिचकॉकला पैशाची वाण नव्हती. तरी १९६० साली त्याने आपल्या दूरदर्शन-मालिकेची माणसे घेऊन, सुमारे आठ लाख डॉलरांत, कृष्णधवल चित्रपट काढला. स्नानगृहातल्या त्या सुप्रसिद्ध खुनाला पडद्यावर पाऊण मिनिट लागते. सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. मोरीतून वाहते ते रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत आहे. श्रीमंत माणसाने आपखुशीने पत्करलेले हे दारिद्र्य होते.

जॉन कार्पेंटरचे दारिद्र्य मात्र सक्तीचे होते. १९७८ सालचा त्याचा ‘हॅलोवीन’ तीन लाखांहून थोड्या अधिक डॉलरांत, तीनएक आठवड्यांच्या चित्रीकरणात तयार झाला. कथा इलिनॉय राज्यातल्या ऑक्टोबरची. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या वसंतात. तेव्हा पानगळ दाखवण्यासाठी कागदाची पाने रंगवली, रस्त्यावर पसरली, आणि प्रत्येक दृश्यानंतर वेचून पुढच्या दृश्यासाठी पिशव्यांत भरली. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानातून दोन डॉलरांच्या आत आणलेला, विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा रबरी साचा. त्याला पांढरा रंग फासून डोळ्यांची भोके मोठी केली, एवढेच. संगीतकाराला द्यावयास पैसे नाहीत म्हणून दिग्दर्शकाने स्वतःच पाच मात्रांचा एक साधा ठेका पियानोवर बसवला. फक्त रुंद पडद्याच्या उत्तम कॅमेऱ्यावर त्याने काटकसर केली नाही.

या कॅमेऱ्याचा त्याने उपयोग काय केला, हे पाहण्यासारखे आहे. त्या रुंद चौकटीत मुलगी एका बाजूला असते आणि उरलेली जागा रिकामी असते. आपली नजर त्या रिकाम्या जागेत फिरू लागते. भर दुपारी, कुंपणाच्या झुडपाशी, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये कोणीतरी उभे असते. दुसऱ्यांदा पाहावे तर नसते. रक्त जवळजवळ नाहीच. शेवटी खुनी खाली कोसळतो आणि त्याचे प्रेत नाहीसे होते. मग कार्पेंटर एकामागून एक रिकामे जिने, रिकाम्या खोल्या दाखवतो आणि त्यांवर फक्त श्वासाचा आवाज ऐकवतो. ओसाड वाड्याची किंवा पिशाच्चाची भीती घरी येताना मागे टाकता येते. पण इथे भीती आपल्याच घरासारख्या घरात येऊन बसते. पैशाच्या अभावी जे दाखवता आले नाही, ते दाखवण्याची गरजच नव्हती.

टोबी हूपरच्या ‘टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ची हकीकत आणखी बोलकी आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात, सोळा मिलिमीटर फिल्मवर, अगदी तुटपुंज्या पैशांत तो चित्रित झाला आणि १९७४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे नाव ऐकून वाटते तेवढे रक्त त्यात नाही. मुलांना निदान पालकांबरोबर पाहता येईल असे प्रमाणपत्र मिळावे, या आशेने हूपरने ते हात राखून वापरले होते. ते प्रमाणपत्र अर्थातच मिळाले नाही. ब्रिटनमध्ये तर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळायला १९९९ साल उजाडावे लागले. कात्री लावावी तरी कोठे, ही खरी अडचण होती; कारण जे भयंकर होते ते कापता येईल अशा एखाद्या तुकड्यात नव्हते.

इथवर या चित्रपटांचे बळ झाले. पण दारिद्र्य हा गुण आहे असे सिद्धान्तवाक्य यातून काढणे चुकीचे ठरेल. दारिद्र्य फक्त निवड करावयास लावते. निवड चांगली होईल की वाईट, हे ते ठरवीत नाही. हे समजावे म्हणून एका फार जुन्या पाठलागाकडे वळतो.

रसाची चर्चा करताना अभिनवगुप्ताने भयाचे उदाहरण घेतले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातल्या पळणाऱ्या हरणाचे. त्या प्रसंगाची मांडणी विलक्षण आहे. आपण रथात दुष्यंताच्या शेजारी असतो. धनुष्य त्याच्या हातात आहे, नजर त्याची आहे, वर्णनही तोच करतो. म्हणजे डोळा शिकाऱ्याचा आहे. पण मनात भरते ते काय? मान वळवून मागे पाहणारे, अंग चोरून धावणारे, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले गवत सांडणारे हरीण. शिकाऱ्याच्या डोळ्यांतून हरणाचे भय आपल्यापर्यंत पोचते. हे भय माझे नाही, आणि ‘त्या’ हरणाचे म्हणून माझ्यापासून दूरही नाही. देशकालाची बंधने गळून उरलेले ते भयच आहे, असा अभिनवगुप्ताचा अभिप्राय. म्हणूनच तपस्वी मध्ये येऊन हात वर करतात, तेव्हा आपल्याला सुटल्यासारखे वाटते.

खुन्याच्या डोळ्यांतून पाहणारा कॅमेरा ही स्लॅशर चित्रपटांची ठरलेली युक्ती आहे, आणि तिच्यावर सर्वांत मोठा नैतिक आक्षेप आहे तोही हाच: प्रेक्षकाला खुन्याच्या जागी बसवले जाते. आक्षेप खोटा नाही. पण अपुरा आहे. ‘हॅलोवीन’ची सुरुवात पाहा. १९६३ सालची रात्र. आपण कोणाच्या तरी डोळ्यांनी एका घरात शिरतो, सुरी उचलतो, जिना चढतो, मुखवटा चढवून त्याच्या दोन भोकांतून पाहतो, आणि एका मुलीचा खून होतो. मग बाहेर आल्यावर कोणीतरी तो मुखवटा काढते, आणि कॅमेरा प्रथमच समोरून पाहतो. हातात सुरी घेतलेला, विदूषकाच्या पोशाखातला सहा वर्षांचा मुलगा उभा आहे. मेलेली मुलगी त्याची बहीण होती. ज्या डोळ्यांत आपण आरामात बसलो होतो ते कोणाचे, हे आपल्याला दाखवले जाते. त्यानंतर त्या डोळ्यांत पुन्हा निर्धास्तपणे बसता येत नाही.

आता १९८० चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ घ्या. शॉन कनिंगहॅमने पटकथा पुरी होण्याआधीच व्यापारी वृत्तपत्रात चित्रपटाच्या नावाची पानभर जाहिरात दिली होती. ‘हॅलोवीन’चे यश डोळ्यांसमोर होते. खर्च साडेपाच लाख डॉलर, आणि एकट्या अमेरिकेतली मिळकत सुमारे चार कोटी. युक्ती तीच: खुन्याच्या डोळ्याने पाहणारा कॅमेरा. पण येथे तिचे काम एवढेच की, खुनी कोण ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळू नये. खुनी असते एक आई. तरुण देखरेख्यांच्या हलगर्जीपणामुळे जिचा मुलगा तळ्यात बुडाला अशी. केवढे दुःख हाताशी होते! पण त्या आईला आपण आधी पाहिलेलेच नाही. शेवटच्या काही मिनिटांत ती येते, कोड्याचे उत्तर सांगते आणि मरते. तिचे दुःख हे दुःख राहत नाही. ते खुलासा होऊन बसते.

आणि तिने मारलेली मुले? टॉम सॅव्हिनी या कुशल रंगभूषाकाराने त्यांचे मृत्यू सजवले. व्हिएतनामच्या युद्धात छायाचित्रकार म्हणून खरी प्रेते त्याने पाहिली होती. त्याच्या हातच्या जखमांकडे बघवत नाही. पण ज्यांच्या अंगावर त्या जखमा होतात, त्यांची नावेही चित्रपट संपल्यावर आठवत नाहीत. ‘हॅलोवीन’मधल्या मुली एकमेकींची टिंगल करतात, पुस्तके विसरल्याची तक्रार करतात, सांभाळायला दिलेल्या पोरांवर वैतागतात. कार्पेंटरची सहलेखिका डेब्रा हिल हिने त्यांचे बोलणे लिहिले होते. ते ऐकून त्या आपल्याला ओळखीच्या होतात, आणि म्हणूनच झुडपापाशी उभा असलेला माणूस पाहून आपल्या पोटात खड्डा पडतो. ही भीती म्हणजे एका अर्थी मायाच आहे. ज्याची काळजी वाटत नाही त्याच्यासाठी भीतीही वाटत नाही. काळजी काढून घेतली की उरते ती मोजदाद: किती मेले, कसे मेले, पुढच्या भागात नवीन हत्यार कोणते. १९८० ते १९८९ या दहा वर्षांत त्या चित्रपटाचे आठ भाग निघाले, ते या मोजदादीवरच. भयानकाचे दुकान काढले होते. माल मात्र बीभत्साचा विकला गेला.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. प्रेम करणारी मुलगी मरते आणि शहाणी मुलगी वाचते, हा या चित्रपटांचा अलिखित नियम होऊन बसला. १९८० साली जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकांनी दूरदर्शनवर एक सबंध कार्यक्रम संकटातल्या स्त्रियांच्या या चित्रपटांविरुद्ध केला. पण ‘हॅलोवीन’ त्यांनी त्यातून वगळून वाखाणला. उलट कॅरल क्लोव्हर या विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, प्रेक्षागृहात मुख्यतः तरुण मुलगे असतात आणि अखेरीस ते त्या उरलेल्या मुलीच्याच बाजूने ओरडू लागतात. माझ्या मते दोघांचेही खरे आहे. ‘अखेरच्या मुली’शी प्रेक्षक एकरूप होतो, हे या चित्रपटांचे पुण्य, पण तिच्याआधीच्या मुलींना केवळ पायऱ्यांसारखे वापरले असेल, तर ते पुण्य फार दूर नेत नाही.

करमणूकवादी म्हणतील, “अहो, हे सारे खोटे आहे आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असते.” ठाऊक असतेच. म्हणूनच प्रेक्षागृहात किंकाळीपाठोपाठ हशा पिकतो, आणि तो हशा निरोगी असतो. पण सारेच खोटे नसते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये खोलीत शिरलेला साप मारण्याचा एक प्रसंग आहे, तो साप खरा होता आणि तो खरोखरच मारला गेला. ‘चेन सॉ’च्या जेवणाच्या प्रसंगाचे चित्रीकरण उन्हाळ्यात, बंद घरात, सडक्या मांसाच्या दुर्गंधीत एका दिवसाहून अधिक वेळ अखंड चालले. नकली रक्ताची नळी चालेना, तेव्हा मॅरिलिन बर्न्स या नटीचे बोट खरोखरच कापले गेले. त्या चित्रपटाने अमाप पैसा मिळवला. नटांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. तेव्हा स्वस्त चित्रपटाविषयी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: तो स्वस्त पडला कोणाला? कागदाची पाने वेचून पुन्हा वापरणे ही एक काटकसर, आणि माणसाच्या बोटावर केलेली दुसरी. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतील. नीतीच्या हिशेबात त्या एका रकान्यात बसत नाहीत.

म्हणून मला या चित्रपटांवर बंदीही नको वाटते आणि त्यांना सरसकट माफीही द्यावीशी वाटत नाही. गैर आहे ते रक्तात नाही, विषयात नाही, अपुऱ्या पैशात तर नाहीच. मरणाऱ्या जिवाची किंमत शून्य धरण्यात ते आहे, मग तो जीव पटकथेतला असो की चित्रीकरणाच्या जागेवरचा. आणि ज्याला हे टाळता आले, त्याने दोन डॉलरांच्या मुखवट्यातूनही शाकुंतलातल्या त्या हरणापर्यंत जाणारी वाट शोधली आहे. तिथे नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.