पत्ता म्हणजे आमंत्रण नव्हे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी लिहिलेलं एक वेब अ‍ॅप्लिकेशन एका सकाळी ठप्प झालं. कोडमध्ये काहीच बदल केलेला नव्हता. आदल्या रात्री फक्त फायरवॉलचे नियम कडक केले होते. दुपारी उलगडा झाला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक एक्सएचटीएमएल फाइलीच्या सुरुवातीला तिच्या डीटीडीचा, म्हणजे तिचं व्याकरण सांगणाऱ्या दुसऱ्या फाइलीचा, पत्ता असे. जावातला पार्सर दर वेळी इमानेइतबारे त्या पत्त्यावर जाऊन ती फाइल आणत होता. आता बाहेरची वाट बंद झाली, म्हणून तो ताटकळत बसला होता.

पत्ता डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा. तिनं 2008 सालीच जाहीर सांगितलं होतं, की अशा फाइलींसाठी आमच्याकडे दिवसाला 13 कोटींपर्यंत विनंत्या येतात. वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या फाइलींसाठी! त्या पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ते गावीही नसणार. माझ्याही नव्हतं.

मग दोष कुणाचा? माझा वाटा 13 कोटींत नगण्य. शिवाय मी काही मुद्दाम केलं नव्हतं. पार्सरची मूळ सेटिंगच तशी होती. पण हा बचाव प्रत्येकालाच लागू पडतो, आणि बोजा मात्र एकाच दारात साचतो.

याच आज्ञाधारकपणाची दुसरी बाजू अधिक भीतिदायक आहे. एखादा अनोळखी माणूस एक्सएमएलमध्ये बाह्य एंटिटी म्हणून माझ्याच सर्व्हरवरच्या फाइलीचा पत्ता लिहून पाठवू शकतो. बेसावध पार्सर ती फाइल उघडून वाचतो, आणि अ‍ॅप्लिकेशननं तो मजकूर उत्तरात छापला, तर गुपित थेट त्याच्या हाती. एकीकडे परक्याला त्रास, दुसरीकडे स्वतःला धोका. चूक मात्र एकच. कुणीही लिहिलेला पत्ता मी आज्ञा मानला.

कुणी म्हणेल, आपली साधनं आपल्या नावानं काय काय करतात, हे सगळं कोण तपासणार? खरं आहे. विश्वासावाचून एक दिवस निभणार नाही. पण विश्वास ठेवणं वेगळं आणि न बघता सही करणं वेगळं. ‘मला माहीत नव्हतं’ हे स्पष्टीकरण झालं, सुटका नव्हे; आणि कळल्यानंतर तर ते स्पष्टीकरणही उरत नाही.

त्या संध्याकाळी मी बाह्य एंटिटी बंद केल्या, डीटीडीची प्रत आमच्याच सर्व्हरवर ठेवली आणि तो पत्ता दिसला की ही प्रत वाच, असं पार्सरला बजावलं. मोजून काही ओळींचं काम. फायरवॉल आड आली नसती, तर मी ते कधीच केलं नसतं. अजून अशी किती कामं माझ्या नावानं कुणाकुणाच्या दारात चालू आहेत, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.