गळ्यापर्यंत माती

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी कंकणाकृती सूर्यग्रहण लागलं होतं. सोलापूरहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर कलबुर्गी, आणि त्याला लागून ताजसुलतानपूर. त्या गावात काही अपंग मुलांना खड्ड्यांत उतरवून गळ्यापर्यंत माती लोटली गेली. वर नुसती डोकी. ग्रहणात असं पुरून ठेवलं की हातापायांतलं वैगुण्य जातं, अशी समजूत. ती छायाचित्रं देशभर फिरली. खड्डे खणणारे कोणी परके नव्हते, घरचेच होते.

या आईबापांना पोरांची माया नव्हती, असं म्हणायला जीभ धजत नाही. दवाखाने झाले, नवस झाले, अंगारे झाले की माणूस मातीकडेही वळतो. सोलापूर ते कलबुर्गी हा पट्टा मराठी आणि कानडी दोन्ही बोलतो, आणि दोन्ही भाषांत एक शब्द जसाच्या तसा चालतो: कर्म. ‘पोराचे भोग आहेत’, ‘मागच्या जन्मीचं देणं आहे’ हे वाक्य कुणी शेजारीण सहज बोलून जाते, आणि रात्ररात्र जागणाऱ्या आईला त्यातून जरा धीरही मिळतो. पण तेच वाक्य पुढे दुसऱ्याच कामाला येतं. निवासी शाळेतून सुट्टीवर आलेलं पोर पाठीला हात लावू देत नाही, तिन्हीसांजेला दाराआड जाऊन बसतं. घरातलं मोठं माणूस म्हणतं, त्याचं नशीबच तसलं. विचारपूस तिथेच संपते.

अपंगत्व आणि मारहाण ही दोन दुःखं एकाच खात्यावर मांडायची का? एका माणसाने दुसऱ्याला दिलेला त्रासही प्रारब्धात धरायचा का? प्रश्न आजचा नाही. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला हेच विचारतो: माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्माने होतं, असं काही जण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध कारणांची यादीच देतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र कोप, ऋतुबदल, हेळसांड, दुसऱ्याकडून झालेली इजा, आणि सगळ्यात शेवटी, आठव्या जागी, कर्माचा विपाक. सगळ्याचा बोजा पूर्वकर्मावर टाकणारे चुकतात, असं ते स्पष्ट सांगतात. हेळसांड आणि इजा या दोन गोष्टी या यादीत कर्माहून वेगळ्या काढल्या आहेत. अपंग मुलांच्या वसतिगृहांची चौकशी करणाऱ्यांना नेमक्या याच दोन गोष्टी शोधाव्या लागतात.

अष्टावक्राची कथाही जरा नीट वाचायला हवी. गर्भातल्या पोराने बापाच्या वेदपठणातली चूक काढली. शिष्यांसमोर अपमान झाला म्हणून कहोडाने त्याला शाप दिला आणि मूल आठ ठिकाणी वाकडं जन्मलं. महाभारतकार इथे मुलाच्या मागच्या जन्माकडे बोट दाखवत नाहीत. इजा कोणी केली ते सांगतात: बापाने, अहंकारापोटी. पुढे तोच मुलगा जनकाच्या सभेत वाद जिंकून बापाला सोडवतो, तो भाग कीर्तनात रंगतो. पहिला भाग मात्र घाईने उरकला जातो.

महाराष्ट्राला हेळसांडीचा आणि इजेचा हा प्रश्न कागदावर पाहावा लागला तो २०१० मध्ये. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात मुलं कुपोषणाने दगावल्याच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभरच्या अशा संस्थांची तपासणी सुरू झाली. पाठोपाठ पनवेलजवळच्या कळंबोलीचं प्रकरण उघडकीस आलं. तिथल्या मतिमंद मुलींवर त्यांना सांभाळायला ठेवलेल्यांनीच अत्याचार केले होते. मार्च २०१३ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकाला फाशीची आणि इतरांना कारावासाची शिक्षा सुनावली.

याहून अवघड गोष्ट १९९४ ची. फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रियेने काढण्यात आली. ओरड झाल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. कारण दिलं होतं ते पाळीतल्या स्वच्छतेचं, आणि पाठीमागे भीती होती बलात्कारातून गर्भ राहण्याची. म्हणजे बलात्कार होणार हे गृहीतच धरलेलं, फक्त त्याचा पुरावा उरू नये अशी सोय. आणि हे करणाऱ्यांना आपण दयाच करतो आहोत असं वाटत होतं.

देवपण देऊनही मूल सुरक्षित होत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मतिमंद माणसात अलौकिक शक्ती आहे असं भासवून त्याच्यावर धंदा करणं हा गुन्हा म्हणून मुद्दाम नोंदवावा लागला. ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी कागदांवर आला तेव्हा अनेकांना तो खटकला, तो उगीच नाही.

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, लऊळ गावी कूर्मदासाचं स्थान आहे. पैठणचा हा भक्त हातापायांनी अधू. पोटावर सरपटत पंढरीला निघाला आणि लऊळपर्यंत येऊन थकला. एकादशी हुकणार हे दिसल्यावर त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला, आणि पांडुरंग उठून लऊळला आला, अशी कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’त आहे. पंढरपूरला यायला जमत नसेल तर ते तुझे भोग, असं तो म्हणाला नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याची २०१२ सालची कलमं वाचताना ही कथा हटकून आठवते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसाने गणवेश घालायचा नाही, आणि मूल अपंग असेल तर विशेष शिक्षकाची मदत घेता येते. अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर धरायचा. कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर तोही गुन्हा. हे सगळं नीट चालतं असं कोणी म्हणणार नाही. विशेष शिक्षक तालुक्याच्या गावी मिळणं मुश्कील, आणि मिळाला तरी या मुलाची ‘नको’ म्हणण्याची खूण त्याला ठाऊक नसते. म्हणून कलम २६ मध्ये आणखी एक सोय आहे: मुलाची बोलण्याची तऱ्हा ज्याला कळते असा कोणीही माणूस चालतो. पुष्कळ घरांत असा माणूस एकच असतो, आणि ती म्हणजे इतकी वर्षं ‘भोग’ म्हणून गप्प बसलेली त्याची आई.