दिवसाचे तास चोवीसच



'वेळच मिळत नाही' हे वाक्य आज आपल्या धर्मग्रामात घरोघरी ऐकू येते. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ते फारसे नव्हते. कष्ट त्यांनाही होतेच. वाडीला पाणी घालायचे, भाजी-फुले बाजारात न्यायची, मोठ्या कुटुंबाचे करायचे. पण त्यांचे बरेचसे काम घराच्या आसपास असे आणि दिवसातून तीनदा चर्चची घंटा वाजली की हात घटकाभर थांबत. आज आपल्यापैकी कितीतरी जण भल्या पहाटे वसई रोडला लोकल पकडून अंधेरी, दादर, चर्चगेट गाठतात. तिथे आपली घंटा ऐकू जात नाही. ऐकू येतो तो मोबाईल, आणि तो तीनदा वाजून थांबत नाही.

रात्री अंथरुणावर पाठ टेकली की मन खाऊ लागते. मुलांचा अभ्यास घ्यायचा राहिला. आईशी धड दोन शब्द बोललो नाही. जपमाळेच्या वेळी डोळा लागला. आपण आळशी झालो आहोत का? आपली श्रद्धा कमी झाली आहे का? या प्रश्नांकडे आज जरा शांतपणे पाहू या.

आधी हिशेब मांडू या

बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे प्रभू येशूने एकदा सांगितले (लूक १४). पैशाचा हिशेब आपण चोख ठेवतो. वेळेचा मात्र कधी मांडत नाही. तो आज मांडू.

सकाळी सातला घर सोडणारी आणि रात्री साडेआठला परतणारी व्यक्ती घ्या. घराबाहेर गेले साडेतेरा तास. झोपेला सात तास. आंघोळ, जेवण, स्वयंपाक, भांडीकुंडी, बाजार यांना कमीत कमी तीन तास. बेरीज झाली साडेतेवीस. उरला अर्धा तास! आणि गाडी उशिरा आली तर तोही प्लॅटफॉर्मवरच संपतो. या अर्ध्या तासात आपण काय काय बसवू पाहतो? मुलांचा अभ्यास, व्यायाम, आजारी नातेवाइकाची भेट, बँकेचे काम, पवित्र शास्त्राचे वाचन, कुटुंबाची प्रार्थना. हे बसत नाही. ते बसत नाही यात आपला आळस नाही, ते साधे गणित आहे.

बंधू-भगिनींनो, हे मान्य करणे ही पहिली पायरी आहे. परमेश्वराने दिवस चोवीस तासांचाच केला. त्यात न मावणारे ओझे त्याने आपल्या डोक्यावर ठेवलेले नाही. म्हणून 'सगळे कसे उरकावे?' हा प्रश्न आपल्याला पुढे नेत नाही. 'यातले माझ्याकडे सोपवलेले कोणते, आणि कोणते शांत मनाने सोडून द्यावे?' हा प्रश्न आपण विचारायला हवा.

प्रभूने कफर्णहूम सोडले

संत मार्कने शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभूच्या एका धावपळीच्या दिवसाचे वर्णन केले आहे. सकाळी सभास्थानात शिकवण, तिथेच एका पीडिताची सुटका, मग शिमोनाच्या घरी तापाने फणफणलेली त्याची सासू, आणि सूर्य मावळल्यावर दारात लोटलेले सारे गाव. प्रभूने पुष्कळांना बरे केले. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. शिमोन व सोबती त्याला शोधत आले. सर्व लोक त्याची वाट पाहत होते. प्रभू मात्र परत फिरला नाही. आसपासच्या गावांतही संदेश द्यायचा आहे, त्यासाठीच मी आलो आहे, असे सांगून तो पुढे निघाला.

हा भाग वाचताना आपण एका गोष्टीवरून झरकन पुढे जातो. प्रभू निघाला तेव्हा कफर्णहूमला त्याची गरज असलेली माणसे उरली होती. त्यांच्यावर त्याची प्रीती नव्हती का? होती. पण मनुष्यदेह धारण केलेल्या देवपुत्रालाही दिवस चोवीस तासांचाच होता. आपण कशासाठी आलो आहोत हे त्याला प्रार्थनेत स्पष्ट होते, म्हणून कोणते काम मागे ठेवायचे तेही ठरवता आले. देवाचा पुत्र काम अपुरे ठेवून पुढच्या गावी जाऊ शकतो, तर आज रात्री ऑफिसचे एखादे उत्तर उद्यावर टाकल्याने आपले काय बिघडणार आहे?

दुसरी बाजूही ध्यानात ठेवू या. पुढे एकदा प्रभूने दमलेल्या शिष्यांना विसाव्यासाठी एकांतात नेले, तर लोक आधीच तिथे पोहोचले होते (मार्क ६). विसावा बाजूला राहिला. प्रभूला त्या लोकांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. म्हणजे ठरवलेले मोडतेही, आणि कधी कधी ते प्रेमापोटी मोडावे लागते. शेजारच्या आजींना मध्यरात्री दवाखान्यात न्यायचे असेल तर तिथे वेळापत्रक दाखवायचे नसते. मात्र ज्याचा दिवस आधीच काठोकाठ भरला आहे, त्याच्याकडे अशा हाकेला द्यायला काहीच उरत नाही. म्हणून दिवसात थोडी मोकळी जागा ठेवणे हेही शेजारधर्माचेच काम आहे.

इथ्रोचा सल्ला

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे वाद सोडवीत बसे. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला. त्याने ते पाहिले आणि स्पष्ट सांगितले की हे बरे नव्हे, यात तूही झिजशील आणि लोकही. लायक माणसे निवड, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नेमून दे, आणि अवघड तेवढेच स्वतःकडे ठेव (निर्गम १८). मोशे एवढा मोठा संदेष्टा, पण त्याने सासऱ्याचे ऐकले.

आपल्या घरात हे काम कोण वाटून घेते? वर आपण अर्ध्या तासाचा हिशेब मांडला. नोकरी करणाऱ्या कित्येक भगिनींच्या वाट्याला तेवढाही वेळ येत नाही. नवरा-बायको एकाच गाडीने परततात. तो टीव्हीसमोर बसतो, ती पर्स खुंटीला अडकवून गॅस पेटवते. मग जपमाळेच्या वेळी तिलाच पेंग येते आणि 'आईला प्रार्थनेत झोप लागते' असे मुले हसत सांगतात! मार्थेने तक्रार केली तेव्हा प्रभूने तिला प्रेमाने समजावले. पण बहिणीने एकटीवर काम टाकले, ही तिची तक्रार खरीच होती. घरातल्या पुरुषांनी, मोठ्या मुलांनी भाजी निवडली, भांडी घासली, डबे भरले, तर त्या घरात आईसाठी प्रार्थनेची जागा तयार होते. वेळेचे नियोजन डायरीत करण्याआधी स्वयंपाकघरात करावे लागते.

जमेल तेवढेच ठरवू या

मोठे संकल्प दोन दिवस टिकतात. म्हणून थोडक्यात चार गोष्टी सुचवीत आहोत.

पहिली, दिवसाला तीनच महत्त्वाची कामे ठरवा. बाकीची झाली तर देवाचे आभार, नाही झाली तर उद्या. रानात इस्राएल लोकांना मान्ना त्या त्या दिवसापुरता मिळे. साठवून ठेवलेल्याला किडे पडत. उद्याची चिंता आज गोळा केली तर तिचेही तसेच होते.

दुसरी, गाडीतला वेळ. कोणी डब्यात जपमाळ म्हणते, कोणी शुभवर्तमान वाचते. उत्तम आहे. पण गर्दीत एका पायावर उभे असताना ते जमत नसेल तर मन खाऊ देऊ नका. बसायला मिळाले आणि डोळा लागला, तर झोप हेही देवाचेच दान आहे असे स्तोत्रकर्ता सांगतो (स्तोत्र १२७).

तिसरी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात सगळे एकत्र असण्याचा तेवढाच वेळ असेल, तर तो घरच्यांचाच असू द्या. जेवण झाल्यावर पाच मिनिटे प्रार्थना. रोज निभावणारी पाच मिनिटे कधीतरी होणाऱ्या तासापेक्षा मोलाची.

चौथी, 'नाही' म्हणायला शिका. प्रत्येक साखरपुड्याला, प्रत्येक समितीला, वरिष्ठांच्या प्रत्येक जादा कामाला 'हो' म्हणणारा माणूस शेवटी घरच्यांना 'नाही' म्हणत असतो, आणि तेही न बोलता.

रविवार कोणाचा?

ऑफिसच्या दिवशी अर्धा तास उरतो, तर मग आपला खरा मोकळा वेळ कुठे आहे? आठवडी सुट्टीत. त्यातही रविवारी. पण त्याच दिवसावर आपण आठवडाभराचे तुंबलेले काम लोटून देतो. सोसायटीची सभा, मुलांचा क्लास, दोन लग्ने, खरेदी. मिस्सा त्यात कशीबशी कोंबली जाते आणि सोमवारी आपण शुक्रवारपेक्षा अधिक थकलेले असतो.

ही रविवारची सुट्टी मुंबईत आपोआप मिळालेली नाही. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून १८८४ साली मागणी मांडली होती, रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. तोवर कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रापुढे उभे असत. सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले आणि कामगाराला शक्तीबाहेर राबवून घेणे अन्यायाचे आहे, विसावा हा त्याचा हक्क आहे, असे जगाला सांगितले. १९९८ साली, म्हणजे आपला वसई धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रभूच्या दिवसावर एक स्वतंत्र पत्र लिहून त्याचे पावित्र्य आपल्याला पुन्हा समजावले. एवढ्या मोलाने मिळालेला दिवस आपण इतक्या सहज विकून टाकावा का?

परिचारिका, रेल्वे कर्मचारी, पोलीस, हॉटेलात वा रात्रपाळीत काम करणारे यांना रविवार मोकळा मिळत नाही. त्यांच्यासाठी शनिवार संध्याकाळची मिस्सा आहे, आणि आठवड्यातला दुसरा दिवस त्यांनी विसाव्यासाठी राखावा. शब्बाथ माणसासाठी आहे, हे प्रभूने सांगितलेच आहे.

आणखी एक गोष्ट. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथची आज्ञा देताना परमेश्वर चाकर आणि दासी यांचाही उल्लेख करतो. तुम्हीही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण तो करून देतो. आपल्या घरी कामाला येणारी ताई, आपल्या दुकानातला मुलगा, बंगल्याचा वॉचमन, यांना आठवड्यातून एक दिवस पगार न कापता सुट्टी मिळते का? आपल्यावरच्या कामाच्या ओझ्याबद्दल वरिष्ठांना बोल लावण्याआधी आपण ज्यांचे वरिष्ठ आहोत त्यांच्याकडे पाहू या.

या आठवड्यासाठी प्रत्येक कुटुंबाने एक करावे. आज दुपारी जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसावे, कागदावर आठवड्याचा हिशेब मांडावा, आणि दोन गोष्टी ठरवाव्यात. आपण काय सोडून देणार, आणि घरातले कोणते काम कोण उचलणार.

हे प्रभू येशू, तू थकलास, झोपलास, आणि काम अपुरे असतानाही पित्याच्या हाती सारे सोपवून पुढे गेलास. आम्हांलाही आमच्या वाट्याचे काम ओळखायला शिकव. जे राहून गेले ते तुझ्या स्वाधीन करून रात्री शांत झोपू दे. आमेन.

आपले,
धर्मग्रामातील धर्मगुरू