झुकिनीचा नैवेद्य चालतो का?



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६.

हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो. भक्तीने कुणी पान दिलं, फूल दिलं, फळ दिलं, अगदी पाणी दिलं तरी मी ते घेतो, असं भगवंत सांगतात. देवाला महागडं काही लागत नाही, हा अर्थ आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकलाय. या वर्षी मात्र लातूरच्या घराच्या गच्चीवर मी या श्लोकापाशी जरा जास्तच थांबलो.

गणपती उठल्यावर मी कुंड्यांमध्ये तीन अनोळखी बिया टाकल्या होत्या. लेट्यूस, ब्रोकोली आणि झुकिनी. बघा गंमत, लेट्यूस म्हणजे पान. ब्रोकोली म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गुच्छ, म्हणजे फूलच. दोन दिवस उशिरा कापली तर पिवळी फुलं उमललेली दिसतात. आणि झुकिनी हे फळ. श्लोकातल्या चारपैकी तीन गोष्टी माझ्या गच्चीवर उगवत होत्या.

झुकिनीने सगळ्यात जास्त शिकवलं. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते, नर फुलाचा देठ नुसताच लांब. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या फारशा येत नाहीत, म्हणून सकाळी लवकर नर फूल तोडून मादी फुलात हाताने पराग लावावा लागतो. उन्हं चढली की फूल मिटलं. माझी सकाळची पहिली मीटिंग नऊला असते, हे काम त्याआधीचं. जप करता करता होतं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पहिली झुकिनी निघाली. आजीला म्हटलं, आज हिची भाजी नैवेद्याला कर. आजीने ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "देवाला ह्येची ओळख हाय का?"

हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. तुमच्यापैकी अनेक जण बाल्कनीत केल, बॉक चॉय, चेरी टोमॅटो लावता. परंपरेला जी भाजी माहीतच नाही ती देवापुढे ठेवावी का? "भाव महत्त्वाचा, बाकी सगळं चालतं" हे उत्तर मला फार स्वस्त वाटतं. त्याने काहीही चालवून घेता येतं.

आधी ओळखीचं बघू. एकादशीच्या ताटातला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, रताळं, राजगिरा, हिरवी मिरची, सगळी मंडळी तिकडच्याच खंडांतून आलेली. पोर्तुगीज कालिकतला उतरले १४९८ साली. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० मध्ये. म्हणजे माऊलींच्या काळात आजचं उपवासाचं ताट जवळपास रिकामं झालं असतं!

त्याहून मोठी गोष्ट सावता महाराजांची. माढा तालुक्यातल्या अरणचे हे माळी, समाधी १२९५ ची. त्यांच्या नावाने गायला जाणारा, मळ्यातल्या भाज्यांमध्ये विठ्ठल पाहणारा अभंग सगळ्यांना माहीत आहे. त्यात कांदा आहे, लसूण आहे, जे आपण नैवेद्यातून वगळतो. आणि त्यात मिरचीसुद्धा आहे. तेराव्या शतकात मिरची कुठून आली? कदाचित तिथे मिरी अभिप्रेत असेल. कदाचित पुढच्या शतकांत गाता गाता कुणा वारकऱ्याने आपल्या शेतातलं नवं रोप त्या मळ्यात आणून लावलं असेल. मला दुसरी शक्यता जास्त आवडते, पण तो माझा कल झाला. काहीही असो, आज तो अभंग गाताना परकी मिरची कुणाला खटकत नाही.

म्हणजे 'कुठून आली' हा प्रश्न परंपरेने फारसा धरून ठेवलेला दिसत नाही. मग तिने काय विचारलं?

ऋषिपंचमी आठवा. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लागलेलं, परसात हाताने लावलेलं, नाहीतर आपोआप उगवलेलं चालतं. त्या ऋषीच्या भाजीत अनेक घरांत मक्याचं कणीस आणि लाल भोपळा असतो, आणि हे दोघेही अमेरिकेतले. ते चाललं. बैलाचे कष्ट चालले नाहीत. त्या दिवशी ताटाला विचारलेला प्रश्न असा आहे : हे कुणाच्या श्रमावर आलं?

हा प्रश्न झुकिनीला लावला की लातूरमध्ये उत्तर अवघड होतं. गच्चीवर बैल नाही, खरं. पण श्लोकातली चौथी गोष्ट, पाणी? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे या शहरात आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमच्या गल्लीत बायका रात्री दोनला टँकरची वाट बघत बसायच्या. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे निदान पाणी तरी असतं, असं गृहीत धरून आपण हा श्लोक वाचतो. त्या उन्हाळ्यात इथे फूल मिळणं सोपं होतं, पाणी नाही.

कुणी म्हणेल, एका उसाच्या शेतापुढे तुझ्या दहा कुंड्या म्हणजे राउंडिंग एरर. हिशेब बरोबर आहे. पण श्लोक जिल्ह्याचा ताळेबंद मागत नाही. देणारा शुद्ध मनाचा असावा, एवढी एक अट त्यात आहे, आणि ती माझ्या बादलीला लागू होते.

म्हणून आमच्याकडे कुंड्यांना तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीच जातं. आरओचं टाकाऊ पाणी क्षारांचं, त्याने मातीवर पांढरा थर धरतो, ते फरशी पुसायला. मातीवर सोयाबीनचा भुसा पसरला की ओल टिकते. (आजीच्या लग्नाच्या वेळी या शिवारात सोयाबीन कुणाला ठाऊक नव्हतं, आज मोंढ्यात आधी त्याचाच भाव विचारतात.) फाल्गुन लागला की लेट्यूसला तुरा येतो आणि पानं कडू होतात, तेव्हा हट्टाने सावली आणि पाणी देत बसायचं नाही, उपटायचं.

बायको नांदेडची. लेट्यूसच्या देठातून पांढरा चीक आला तेव्हा ती म्हणाली, ही तर आपली पाथरी. खरंच, दोघी एकाच कुळातल्या, करडईसुद्धा त्यातलीच. ज्वारीच्या रानात पाथरी न लावता येते. आमच्या ऑफिसातल्या मराठवाड्याच्या मुलांना केल ओळखता येतो, पाथरी नाही. मग अनोळखी कोण, हे मला आता नीट सांगता येत नाही.

आजीने त्या गुरुवारी झुकिनी चिरली, गर आणि बिया बघितल्या, "भोपळ्याचीच हाय की" म्हणाली, आणि नैवेद्य दाखवला. वनस्पतिशास्त्रही तेच सांगतं. ब्रोकोलीला अजून परवानगी नाही. तिला तो वास आवडत नाही.

उद्या श्लोक २७. त्यात करणं, खाणं, हवन, दान असा क्रम आहे. खाणं हवनाच्या आधी का आलं, यावर घरात आजच वाद सुरू झालाय.

राम कृष्ण हरी.